चिखलाशिवायचा भात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी शेतकरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. कल्याणच्या दूधनाक्याजवळ वाढलो, बिर्ला महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी केली आणि जमतील तशा कविता लिहिल्या. पण कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याचा पूल ओलांडून थोडं आत गेलं की तीस गुंठ्यांचं एक भातखाचर लागतं. त्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. आजोबांनी ते कसलं, वडिलांनी सांभाळलं, आता माझा धाकटा चुलतभाऊ त्यात राबतो आणि दिवाळीनंतर तांदळाचं एक पोतं माझ्या घरी पोचवतो. शेतीशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच. कागदावर एक नाव आणि घरात एक पोतं.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला भाऊ घरी आला. चहा घेतला, पावसाच्या गोष्टी झाल्या आणि मग म्हणाला, "भाई, यंदा आवणीला माणूस मिळत नाही. जे मिळतात ते मागतील ती मजुरी, वर जेवण, वर नेण्या-आणण्याची गाडी. गिऱ्हाईक आलंय. विकून टाकू या."

आमच्या भागात जमिनीला गिऱ्हाईक येणं ही काही नवी गोष्ट नाही. भिवंडीच्या बाजूला गोदामं खाचरांवर उभी राहिली. बदलापूरपर्यंत इमारती गेल्या. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आमणे इथे येऊन थांबतो, त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ता आला की भाव येतो आणि भाव आला की बांध जातो. मी म्हणालो, "वाडवडिलांची जमीन आहे. थोडं थांबू." भाऊ शांतपणे म्हणाला, "थांबायला माझी ना नाही. पण चिखलात कोण उतरणार? तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मात्र त्या प्रश्नातून दुसरा प्रश्न निघाला, आणि आजचं बोलणं त्याच्याबद्दल आहे. चिखलात उतरायचंच कशासाठी?

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतला भात कसा होतो, ते शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत पसरून ते जाळतात. याला राब भाजणं म्हणतात. तण आणि तणाचं बी जळावं, हा त्यातला मुख्य हेतू. त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी पेरायचं. पाऊस लागला की तीन-चार आठवड्यांत रोपं तयार होतात. तोवर मोठ्या खाचरात पाणी साठवून ते नांगरायचं, पुन्हा नांगरायचं, माती लोण्यासारखी मऊ करायची. ही चिखलणी. मग रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, डोक्यावरून खाचरात न्यायच्या आणि कमरेत वाकून एक एक चूड चिखलात खोवायची. ही लावणी, आमच्याकडची आवणी.

एवढा खटाटोप माणसाने उगीच केला नाही. चिखलणीने मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी खाचरात टिकून राहतं. उभ्या पाण्यात भात तगतो, बाकीचं बरंचसं तण गुदमरतं. म्हणजे खाचरातलं पाणी हे तणावरचं झाकण आहे. शेकडो वर्षं हे झाकण उपयोगी पडलं, कारण वाकणाऱ्या कमरा भरपूर होत्या आणि स्वस्त होत्या.

आता त्या राहिल्या नाहीत. ज्या घरातल्या बाया पूर्वी आवणीला येत, त्यांच्या मुली गोदामात, कारखान्यात, इमारतींच्या कामावर जातात. तिथे बारा महिने काम मिळतं आणि डोक्यावर छप्पर असतं. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. आवणीची अडचण अशी की ती सगळ्यांची एकाच वेळी येते. पाऊस साधला की गावातल्या प्रत्येकाला त्याच पंधरा दिवसांत मजूर हवे असतात. आवणी लांबली की रोप जून होतं, फुटवे कमी येतात, उतारा घटतो.

चिखलणीची दुसरी किंमत डोळ्यांना दिसत नाही. गाळासारखी झालेली बारीक माती मुसळधार पावसात बांध फोडून ओढ्याला मिळते. पावसाळ्यात रायत्याच्या पुलावरून उल्हास नदीचं तांबडं पाणी मी लहानपणापासून पाहत आलो. त्या रंगात आमच्या खाचराचा रंग मिसळलेला असतो, हे मला पन्नाशीत कळलं. शिवाय वर्षानुवर्षं चिखलणी केल्याने नांगराच्या फाळाखाली मातीचा एक कठीण थर बसतो. भातानंतर वाल किंवा हरभरा घेतला तर त्याच्या मुळांना तो थर सहज भेदता येत नाही.

तिसरी किंमत साऱ्या जगाला मोजावी लागते. पाण्याखाली दडपलेल्या मातीला हवा मिळत नाही. हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे वाढतात आणि सडणाऱ्या पाल्यापासून मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनाला वजन धरलं तर, मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. माणसाच्या उद्योगांतून जगात जेवढा मिथेन बाहेर पडतो, त्यातला सुमारे दहावा हिस्सा भातखाचरांतून येतो, असं मानलं जातं. गरिबाच्या ताटातल्या भाताला यासाठी कोणी गुन्हेगार ठरवू नये. पण तोच भात कमी धूर, कमी चिखल आणि कमी पाणी वापरून पिकत असेल, तर तो तसा पिकवायला हरकत कोणती?

याचं एक उत्तर आमच्यापासून फार लांब नाही. कल्याणहून कर्जत लोकल पकडायची आणि बदलापूर, वांगणी, शेलू मागे टाकून नेरळला उतरायचं. माथेरानच्या गाडीसाठी सगळे तिथे उतरतात. त्याच नेरळला सगुणा बाग आहे. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या वर्षांत भाताची एक पद्धत बसवली. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून एसआरटी.

या पद्धतीत राब नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. सुरुवातीला एकदाच जमीन नांगरून तिचे लांबलचक गादीवाफे करायचे. वाफ्याचा माथा साधारण एक मीटर रुंद, दोन वाफ्यांमध्ये सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. मग एक लोखंडी चौकट घ्यायची, तिला खालून खुंट्या असतात. ती वाफ्यावर ठेवून दाबली की साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतरावर ओळीने खड्डे पडतात. प्रत्येक खड्ड्यात भाताचे तीन-चार दाणे आणि थोडं खत टाकून मातीने झाकायचं. पाऊस पडला की भात जागच्या जागी उगवतो. रोप उपटल्याचा धक्का त्याला बसत नाही, म्हणून पीकही साधारण आठवडाभर आधी तयार होतं.

खरी गंमत कापणीनंतर आहे. भात कापल्यावर धसकटं उपटायची नाहीत, जमीन पुन्हा नांगरायची नाही. मुळं जागेवरच कुजू द्यायची. मूळ कुजलं की मातीत त्याच्या आकाराची पोकळी राहते. त्या वाटेने हवा आणि पाणी खाली जातं, गांडुळं येतात. दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्यांवर पुन्हा पेरणी. भातानंतर जमिनीतली ओल धरून याच वाफ्यांवर वाल, मूग, हरभरा घेता येतो. नांगर मातीची सेवा करतो असं आपण समजत आलो. इथे मातीला तिच्या कामासाठी मोकळं सोडलं आहे.

नवं तंत्रज्ञान म्हटलं की हल्ली ड्रोनचा फोटो छापला जातो. ड्रोन उपयोगी आहे. बचत गटांतल्या बायकांना फवारणीसाठी ड्रोन द्यायची केंद्र सरकारची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण तीस गुंठेवाल्याला आधी लागतात त्या वस्तू हातात मावणाऱ्या आहेत. त्यांतल्या तिघींची ओळख करून देतो.

पहिली, खताची गोळी. खाचरातल्या पाण्यावर युरिया फेकला तर त्याचा बराच भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. भाताच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा येतो. कोकणातल्या भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री पद्धत सांगितली. तिच्यातलं एक सूत्र असं की युरिया आणि डीएपी दाबून त्याची छोटी गोळी करायची आणि भाताच्या चार चुडांच्या मधोमध बोटभर खोल पुरायची. गोळीचं वजन २.७ ग्रॅम. हेक्टरी सुमारे १७० किलोंत काम भागतं. खत मुळांजवळ राहतं, हळूहळू विरघळतं, आणि ओढ्याला खत घालण्याचा आपला उद्योग थांबतो. याच पद्धतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची राख जमिनीला परत देणं आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालणं, हीही सूत्रं आहेत. बांधावरचं झाड हाही खताचा कारखानाच असतो.

दुसरी, पानांच्या रंगाची पट्टी. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती प्रचारात आणली. प्लॅस्टिकची छोटी पट्टी, तिच्यावर फिकट ते गडद हिरव्या रंगाचे चार किंवा सहा पट्टे. भाताचं पान स्वतःच्या सावलीत धरून पट्टीशी ताडून बघायचं. पान ठरलेल्या छटेहून फिकट असेल तरच युरिया द्यायचा. मी कवितेत अनेकदा हिरवा रंग लिहिला, पण हिरव्याच्या छटा मोजून खताचे पैसे वाचतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी, छिद्रं पाडलेली नळी. जिथे चिखलणी करून उन्हाळी भात घेतात, म्हणजे कर्जत तालुक्यात राजनाला कालव्यावर होतो तसा, तिथे ती कामाची. फूटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, खालच्या भागाला छिद्रं. ती खाचरात रोवायची आणि आतलं पाणी पाहायचं. वर चिखल सुकल्यासारखा दिसला तरी खाली पाणी असतं. नळीतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरेपर्यंत नवं पाणी सोडायचं नाही. फक्त फुलोऱ्याच्या वेळी खाचर कोरडं पडू द्यायचं नाही. अशा पाळ्या दिल्या तर पाण्यात तीस टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते आणि मातीला मधूनमधून हवा मिळाल्याने मिथेनही घटतो. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. त्या भागात वाचलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण जाहिरात होईल.

पाण्याचं झाकण काढलं की तण उगवणार. चिखलाशिवायच्या भातात सगळ्यात मोठा शत्रू तोच. म्हणून या पद्धतीत तणनाशक वापरतात. पेरणीनंतर तण उगवण्याआधी एक, आणि कापणीनंतर धसकटं व तण मारायला ग्लायफोसेट. या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत मात्र वेगळं पडलं. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घालणारी अधिसूचना काढली. वाद शास्त्रज्ञांचा आहे, पण फवारणारे हात आपल्या माणसांचे आहेत. गांडुळं परत यावीत म्हणून नांगर सोडायचा आणि त्याच मातीवर औषध मारायचं, हे कोडं मला सुटलेलं नाही. हाताने ढकलायचं कोळपं, पालापाचोळ्याचं आच्छादन, सरीत दाट येणारं दुसरं पीक, असे उपाय आहेत. त्यांना मेहनत लागते. पण ती आवणीसारखी पंधरा दिवसांत कोंबलेली नसते, घरच्या माणसांना उरकता येते.

आठवडाभर आधी तयार होणारा भातही प्रत्येक वेळी फायद्याचाच नसतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकणात उभा आणि कापलेला भात पावसाने कुजला होता. भात लवकर तयार झाला आणि परतीच्या पावसात सापडला तर हातचा जाणार. म्हणून हळवं, निमगरवं की गरवं बियाणं घ्यायचं, हे जमिनीचा उतार आणि पावसाचा अंदाज पाहून ठरवावं लागतं. कर्जतला १९१९ पासून भाताचं संशोधन केंद्र आहे, आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे या भागासाठी काढलेली 'कर्जत' नावाची वाणं वेगवेगळ्या मुदतींची आहेत. हवामानाचा सल्ला हवा तर २०१९ पासून 'मेघदूत' नावाचं अॅप मोबाइलवर मिळतं. कालिदासाचा मेघ विरही यक्षाचा निरोप घेऊन गेला होता. हा मेघ स्वतःच्याच येण्याचा निरोप देतो. माझ्या भावाला दुसरा मेघ अधिक आवडतो.

या सगळ्याचं आम्ही काय केलं, ते आता सांगतो.

त्या वर्षी कशीबशी आवणी झाली. पुढच्या वर्षी मी आणि भाऊ नेरळला गेलो, पाहिलं, विचारलं. भाऊ येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. अंबरनाथ आल्यावर म्हणाला, "दहा गुंठ्यांवर करून बघू. वीस गुंठे जुन्या पद्धतीने. बुडालं तर दहाच बुडेल." मला ती समजूत फार शहाणपणाची वाटली. नवं तंत्र शेतकरी नाकारतो असं आपण शहरात बसून म्हणतो. तो नाकारत नाही, आपला जीव किती पणाला लावायचा तेवढं तो मोजून घेतो.

पहिल्या वर्षी चूक झाली. तणाकडे वेळेवर लक्ष गेलं नाही आणि ऑगस्टमध्ये लव्हाळ्याने डोकं वर काढलं. शेजारचे बांधावर उभे राहून विचारायचे, "भात लावलाय की गवत?" मी एका रविवारी गेलो तर भाऊ अनवाणी, तोंडाला काही न बांधता औषध मारत होता. मी ओरडलो. तो म्हणाला, "भाई, सगळेच असं मारतात." पुढच्या खेपेला मी हातमोजे, मुखपट्टी आणि गमबूट घेऊन गेलो. चुलतभावाला तीस वर्षांत मी दिलेली ही पहिली उपयोगी भेट असावी. त्या दहा गुंठ्यांचा उतारा जुन्या भागाच्या मानाने थोडा कमीच भरला. पण आवणीची मजुरी नाही, चिखलणीचं भाडं नाही. भावाने वहीत दोन्ही बाजू मांडल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली. कमी पिकलेल्या दहा गुंठ्यांत गुंठ्यामागे हातात जास्त उरलं होतं.

त्याच वाफ्यांवर त्याने वाल टाकले. पूर्वी भात निघाला की आमचं खाचर जूनपर्यंत नुसतं तडकलेलं पडायचं. त्या हिवाळ्यात ते दहा गुंठे हिरवे होते. तांदळाच्या पोत्याबरोबर पहिल्यांदाच कडव्या वालाची पिशवी माझ्या घरी आली. दुसऱ्या वर्षी त्याने न विचारताच वीस गुंठे वाफ्यांखाली घेतले.

एका गोष्टीची हुरहूर मात्र मला होती. आवणी गेली की आवणीची गाणीही जाणार. लहानपणी बांधावर बसून ती ऐकली होती. माझ्या कवितेतला ठेका मी तिथूनच उचलला, असं मी अनेक व्यासपीठांवर सांगितलं आहे. ही हुरहूर मी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंजवळ बोलून दाखवली. त्या माझ्या दादीबरोबर आमच्या खाचरात आवणी करायच्या. आता पाठीतून पार वाकल्या आहेत. त्या म्हणाल्या, "गाणं काय हौसेनं म्हणत होतो व्हय रे बाबा? कंबर दुखायची. गाण्यात दुखणं विसरायला व्हायचं. आता दुखतच नसंल तर गायचं कशाला?"

बांधावर बसून ऐकणाऱ्याला ते गाणं होतं, चिखलात वाकलेल्या बाईला ते औषध होतं. इतकी वर्षं मी ते फक्त ऐकत आलो.

शेती टिकवा, असं शेतकऱ्याला भाषणातून सांगणं सोपं आहे. ज्या कामाने माणसाची पाठ मोडते आणि हाती काही उरत नाही, ते काम तो आपल्या मुलाला देणार नाही, आणि देऊही नये. जमीन वाचवायची असेल तर आधी ती कसणाऱ्याची कंबर वाचवावी लागेल. लोखंडाची चौकट, खताची गोळी, रंगाची पट्टी, छिद्रांची नळी यांची किंमत मी त्याच मापाने करतो. तणनाशकाचीही करतो, आणि म्हणून त्याबद्दल साशंक राहतो.

गिऱ्हाईक अजून येतं. गेल्या महिन्यात पुन्हा आलं होतं, भाव आणखी वाढवून. भावाने मला फोन केला. मी विचारलं, "मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, वाल उभे आहेत. निघाले की बघू."

वाल निघतील. मग पाऊस येईल, आणि वाफे तयारच आहेत.